विस्तव विझल्यानंतर

पौष महिना लागला की धाराशिव जिल्ह्याच्या काळ्याभोर रानांत ज्वारीची कणसे हुरड्याला येतात. बांधाच्या कडेला वीतभर खोल खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवल्या जातात. ज्वाळा शमून निखारा पडला म्हणजे कणसे त्यात खोचून भाजतात. या खड्ड्याला आगटी म्हणतात. भाजलेली कणसे हातावर चोळायची, फुंकर घालून कोंडा उडवायचा आणि गरम हुरडा चटणीबरोबर खायचा, हा सोहळा दुपारपर्यंत चालतो. मग मंडळी उठतात. आगटीवर करड्या राखेची साय धरते. धूर दिसत नाही, ज्वाळा दिसत नाही; पाहणाऱ्याला वाटते, विस्तव विझला. परंतु राखेखाली गोवरीचा निखारा कितीतरी वेळ धुमसत राहतो. अशा तापलेल्या राखेला मराठीत फुफाटा म्हणतात. अनवाणी धावणाऱ्या एखाद्या मुलाचा पाय नेमका त्या राखेवर पडतो आणि रानात किंकाळी उठते.

आपल्या भाषेने अग्नीच्या या उपद्रवाला एकच नाव दिलेले नाही. तव्याला बोट लागले तर चटका बसतो. उकळता चहा अंगावर सांडला तर अंग पोळते. ज्वाळेने किंवा निखाऱ्याने भाजते आणि आगीच्या लोळात सापडलेला माणूस होरपळतो. शब्द निराळे असले तरी त्या सर्वांत घडते ते एकच. बाहेरची उष्णता कातडीत शिरते आणि तेथील जिवंत पेशींचा नाश करते.

ही उष्णता या जिल्ह्यात घरोघरी आणि वाटोवाट भेटते. घराघरांत चूल, स्टोव्ह अथवा गॅसची शेगडी असते; हिवाळ्यात अंघोळीसाठी बंब तापतो. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळ लागले की चुलवणावर भली मोठी काहील चढते व तीत रस रटरटू लागतो. नवरात्राच्या आधी गावोगावचे तरुण तुळजापुरास जाऊन भवानीमातेची ज्योत पेटवून घेतात व धावत आपापल्या गावी नेतात. आराध्यांच्या हाती तेलात भिजलेला पोत असतो. भूम, कळंब व वाशी या तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या आहेत. तेथे पहाटेपासून कढईत दूध आटत असते. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी पुष्कळ अपघात घरात, आणि घरातही स्वयंपाकाच्या जागी होतात. म्हणून त्यांत स्त्रिया व मुले अधिक सापडतात.

खव्याच्या भट्टीवरील कसबी माणसाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते, आणि भाजलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यासही तीच ठाऊक असावयास हवी. सुमारे चार-पाच लिटर म्हशीचे दूध आटवले म्हणजे एक किलो खवा मिळतो. दूध घट्ट होत आले की खुरपण्याची घाई होते, कारण क्षणभर हात थांबला तर तळाशी करपते. खवा अगदी पूर्ण होईपर्यंत मात्र कढई विस्तवावर ठेवीत नाहीत. थोडी कसर राहिली असतानाच ती खाली उतरवतात. खाली उतरवलेल्या कढईतही खवा फसफसत राहतो, त्यातील पाणी उडत राहते आणि उरलेली कसर कढईच्या अंगच्या उष्णतेने भरून निघते. विस्तव दूर झाला म्हणून आटणे थांबले, असे होत नाही.

भाजलेल्या कातडीचेही असेच होते. निखाऱ्यावरून पाय उचलला, उकळते दूध ओघळून गेले, पेटलेला पदर विझला, म्हणजे संकट टळले असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु कातडीत शिरलेली उष्णता आतच कोंडून राहते. वरच्या थरातून ती खालच्या थरात उतरते आणि जो भाग त्या क्षणापर्यंत शाबूत होता त्यालाही भाजू लागते. विस्तव विझल्यानंतर पुढे काही मिनिटे माणूस आतल्या आत भाजतच असतो. ही मिनिटे डॉक्टरांच्या हाती नसतात. डॉक्टर त्या वेळी कित्येक किलोमीटर दूर असतात. ती मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात, मग तो माणूस बारा वर्षांचा का असेना.

कातडी दिसते तेवढी साधी नसते. तिचे मुख्य थर दोन. वरचा थर पातळ. त्याला बाह्यत्वचा म्हणतात. तो सतत झिजतो आणि खालून नवा येतो. त्याखालचा थर जाड, तो अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, संवेदना पोहोचवणारे मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे या थरात असतात. त्याच्याही खाली चरबी असते. कातडी शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही, रोगजंतूंना आत येऊ देत नाही आणि शरीराची ऊब राखते. कातडी मोठ्या प्रमाणावर जळाली म्हणजे ही तिन्ही कामे एकदम बंद पडतात. शरीरातील पाणी पाझरून जाऊ लागते, जंतूंना वाट मोकळी होते आणि माणूस थंडीने कुडकुडू लागतो. आगीने भाजलेला माणूस थंडीने कुडकुडतो, हे ऐकण्यास चमत्कारिक वाटले तरी खरे आहे.

किती उष्णता किती वेळ लागली असता कातडी जळते, याचा अभ्यास मॉरिट्झ व हेन्रिक्स या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. ४४ अंश सेल्सियस इतक्या उष्णतेने कातडी जळण्यास सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांवर सुमारे पाच सेकंद पुरतात. नुकताच गाळलेला चहा याहूनही गरम असतो. लहान मुलांची कातडी पातळ असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा अवधी आणखी कमी होतो. म्हणूनच मोठ्या माणसाच्या बोटाला नुसता चटका देणारा चहा रांगत्या मुलाच्या छातीवर सांडला तर टरटरून फोड येतात.

प्रथमोपचारातील पहिले काम उष्णतेपासून माणसाला सोडवण्याचे. ज्योत नेताना धोतराचा सोगा पेटला किंवा चुलीपुढे साडीचा पदर पेटला, तर माणूस भयाने पळत सुटतो. पळण्याने वारा लागतो आणि ज्वाळा भडकून तोंडाकडे चढतात. त्याला तेथेच थांबवावे, जमिनीवर आडवे पाडावे आणि लोळवावे. हाताशी घोंगडी, वाकळ किंवा सतरंजी असेल तर ती गळ्याकडून पायांकडे लपेटावी, म्हणजे ज्वाळा चेहऱ्याकडे येत नाहीत. लोकरीची घोंगडी सहसा चटकन पेट घेत नाही. पांघरूण नायलॉनचे किंवा तशाच कृत्रिम धाग्यांचे मात्र नसावे. पाणी जवळ असेल तर ते ओतावे. अंगावरची आग विझवताना पाणी गढूळ आहे की स्वच्छ, याचा विचार करीत बसू नये. आग विझली की धुमसणारे कपडे दूर करावेत. अंगाला चिकटून बसलेले कापड मात्र ओढू नये. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला डकते. ते ओढले तर कातडीही त्याबरोबर येते. त्याच्या भोवतीचे मोकळे कापड कातरीने कापून घ्यावे आणि चिकटलेले तसेच ठेवून त्यावर पाणी ओतावे. उकळता रस, काकवी अथवा खवा अंगाला चिकटला असेल तरी हाच नियम. असे चिकट पदार्थ पाण्यापेक्षा अधिक काळ तापलेले राहतात. म्हणून ते खरवडण्यात वेळ न दवडता आधी पाण्याने निववावेत.

विजेचा प्रकार निराळा. विहिरीवरच्या मोटारीचा झटका बसलेल्या माणसाला प्रवाह चालू असताना स्पर्श करू नये आणि त्याच्यावर पाणीही टाकू नये. आधी मुख्य बटण बंद करावे. विजेने भाजल्याची खूण बाहेरून वाटाण्याएवढी दिसली तरी आत स्नायूंना मोठी इजा झालेली असू शकते. असा माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे.

दुसरे काम पाण्याचे, आणि सारे मर्म येथेच आहे. भाजलेल्या जागेवर थंड पाण्याची संथ धार धरावी, आणि ती वीस मिनिटे धरावी. नुसते पाणी शिंपडणे किंवा हात एकदा बुचकळून काढणे पुरत नाही. दुखणे कमी झाल्यासारखे वाटले तरी धार थांबवू नये, कारण आतली उष्णता बाहेर येण्यास वेळ लागतो. वाहते पाणी ही उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. त्याने वेदना शमते, सूज कमी येते आणि जखम खोल जाण्याचे टळते. ज्या जखमेवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली असती ती पाण्याने उथळ राहिली, असे पुष्कळदा घडते. काही कारणाने पाणी लगेच मिळाले नाही, तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत ते उपयोगी पडते. अर्थात जितके लवकर तितके बरे.

हा उपाय इतका साधा आहे की विद्वानांनाही तो पुन्हा पुन्हा शोधावा लागला. लंडनमधील शस्त्रवैद्य जेम्स अर्ल यांनी १७९९ साली त्याचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. पुढे लेप, तेले व मलमे यांच्या गर्दीत पाणी मागे पडले. आइसलंड या शीत प्रदेशातील डॉक्टर ओफेगसन यांनी आपली निरीक्षणे व प्रयोग १९५९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यकाचे लक्ष पुन्हा पाण्याकडे वळले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत आणि तापलेल्या तेलातुपाने भाजणे अधिक वेदना देते, असेही नमूद केले आहे. जखमेची खोली पाहून तिचे प्रकार करण्याची ही दृष्टी आजही मान्य आहे. थंड पाण्याविषयी मात्र त्या ग्रंथाचे मत आजच्या अनुभवाशी जुळत नाही. तेथे प्लुष्ट प्रकारात शीतोपचार वर्ज्य मानला आहे. दोन हजार वर्षांत उपचार बदलावेत, यात नवल नाही.

परंतु वीस मिनिटे पाण्याची धार धरा, हे नळाला चोवीस तास पाणी असलेल्या शहरात सांगणे सोपे आहे. धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि टँकरपुढे घागरींची रांग लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या घरात तांब्याभर पाणी सांडले तरी मुलाला बोलणी खावी लागतात, तेथे भाजलेल्या हातावर वीस मिनिटे पाणी ओतण्यास कोणाचाही हात आखडणे स्वाभाविक आहे. आजीबाई मग दोन ओंजळी पाणी शिंपडते आणि हळदीचा डबा शोधू लागते. तिच्या मायेत काही उणे नसते; वर्षानुवर्षांच्या टंचाईने तिला लावलेली ती सवय असते.

येथे थोडा हिशेब मांडून पाहावा. तांब्यात सुमारे एक लिटर पाणी मावते. बारीक धारेने तांबा रिता होण्यास एक मिनिट लावले, तर वीस मिनिटांना वीस तांबे लागतात. म्हणजे साधारण दीड ते दोन घागरी पाणी. हात किंवा पाय भाजला असेल तर त्याखाली स्वच्छ धुतलेली परात ठेवावी. खाली साठलेले पाणी स्वच्छ असेल तर तेच पुन्हा तांब्यात भरून ओतता येते. ते कोमट झाले की बदलावे. अशा रीतीने एका घागरीतही काम भागते. तेवढेही पाणी नसेल तर धुतलेले सुती कापड पाण्यात भिजवून जागेवर ठेवावे आणि ते गरम लागताच, मिनिटा-दोन मिनिटांनी, पुन्हा ओले करून ठेवावे. धारेची सर त्याला येत नाही, तरी काहीच न करण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. पाणी पिण्याच्या भांड्यातले घ्यावे. जनावरांच्या हौदातले जखमेवर ओतू नये.

या कामी माठाचे किंवा रांजणाचे पाणी फार चांगले. संत गोरोबाकाकांचे तेर हे गाव याच जिल्ह्यात आहे, आणि कुंभाराच्या चाकावर घडलेल्या मातीच्या भांड्याचा गुण सर्वांच्या परिचयाचा आहे. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. असे पाणी गार असते, पण बर्फासारखे झोंबणारे नसते. बर्फ किंवा बर्फाचे पाणी भाजलेल्या जागेवर लावू नये. अतिशीत स्पर्शाने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त मिळेनासे होते आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते.

पाण्याची धार चालू असतानाच दुसऱ्या कोणी बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, मनगटी घड्याळ, करगोटा हे सर्व हलक्या हाताने काढून घ्यावे. भाजलेला भाग थोड्याच वेळात सुजतो. मग अंगठी बोटात रुतून बसते आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडते. पुढे ती कापून काढावी लागते.

अंगाचा मोठा भाग भाजला असेल किंवा तान्हे मूल भाजले असेल, तर पाणी घालताना एक सावधगिरी बाळगावी लागते. पाणी भाजलेल्या भागावरच ओतावे. बाकीचे अंग कोरड्या पांघरुणाने झाकून उबदार ठेवावे. सर्वांग पाण्यात बुडवू नये. कापरे भरले किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर धार थांबवून अंग गुंडाळावे आणि रुग्णालयाकडे निघावे.

आता राहिले लेप. भाजल्यावर जवळच्या चार माणसांपैकी प्रत्येकाजवळ एकेक उपाय असतो. कोणी हळद सांगतो, कोणी तूप. कोणी कणीक, कोणी चुन्याची निवळी आणि तेल, कोणी दातांना लावायची पेस्ट. पूर्वी शाळेत दौतीतील शाई ओतण्याचीही पद्धत होती. ही माणसे दुष्टाव्याने सांगत नाहीत. ठणका लागलेल्या लेकराला काहीतरी लावावे, अशी त्यांची कळकळ असते. परंतु तेल-तुपाचा थर उष्णता आतच कोंडतो. हळद व शाई यांनी जखमेचा रंग बदलतो आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरांना कळत नाही. वाळलेला लेप रुग्णालयात खरवडून काढावा लागतो, तेव्हा रुग्णाला पहिल्यापेक्षा अधिक वेदना सोसाव्या लागतात. शेण तर मुळीच लावू नये. त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि उघड्या जखमेतून ते थेट शरीरात शिरतात. पाण्याऐवजी लेप लावणे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणे होय, आणि या म्हणीचा शब्दशः अर्थ येथे लागू पडतो.

फोडांचेही तसेच. फोडातील पाणी पाहून सुई घेण्याचा मोह होतो. परंतु फोडावरची पातळ त्वचा हे जखमेचे स्वाभाविक आच्छादन असते. ती फुटली की जंतूंना दार उघडते. फोड ठेवायचा की काढायचा, हे डॉक्टरांनी ठरवावे.

वीस मिनिटे झाली की भाजलेला भाग स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाकावा. जुने मऊ धोतर किंवा धुतलेली चादर या कामी उत्तम. कापूस थेट ठेवू नये. त्याचे तंतू जखमेत रुततात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी कातडी काढलेल्या जागेवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली व ती उपयुक्त ठरली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणून कोणी परसातील केळीचे पान तोडून जखमेवर बांधू नये. रुग्णालयातील पान विशेष रीतीने निर्जंतुक केलेले असते; परसातील पानावर धूळ, किडे आणि पाखरांची विष्ठा असते.

जखम किती गंभीर आहे, हे ओळखण्यात सामान्य माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. वरचाच थर भाजला तर कातडी लाल होते आणि आग आग होते. अंतस्त्वचेपर्यंत भाजले तर फोड येतात, जागा ओलसर दिसते आणि वेदना असह्य होतात. त्याहून खोल भाजले तर कातडी पांढरट, मेणासारखी, चामड्यासारखी कडक किंवा काळी दिसते, आणि तेथे दुखत नाही. दुखत नाही याचे कारण एवढेच की दुःखाची वार्ता मेंदूकडे नेणारे मज्जातंतूच तेथे जळून गेलेले असतात. रडणाऱ्या मुलाभोवती सारे गोळा होतात आणि निमूट बसलेल्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळदा त्या निमूट बसलेल्यालाच मदतीची अधिक निकड असते.

किती भाग भाजला, याचे माप प्रत्येकाच्या हातातच असते. बोटांसह आपला तळहात म्हणजे आपल्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण शंभरावा भाग. माप रुग्णाच्याच तळहाताचे धरावयाचे. मुलाच्या जखमेला बापाचा हात लावून हिशेब करू नये. रुग्णाच्या तळहाताहून मोठी जखम डॉक्टरांना दाखवावीच. चेहरा, डोळे, हात, पाऊल, सांधे व गुह्यभाग येथील जखम लहान असली तरीही दाखवावी. बंद खोलीतील आगीत सापडलेल्या माणसाचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातील केस जळाले असतील किंवा खोकल्यातून काजळी पडत असेल, तर धुराने त्याच्या श्वासनलिकेला इजा झाली आहे असे समजावे. त्याला टेकून बसते करावे आणि क्षणाचाही विलंब न लावता हलवावे. श्वासमार्ग आतून सुजून थोड्याच वेळात बंद होण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. दूरध्वनी करणाऱ्याने गावाचे नाव, तालुका, रस्त्यावरची ठळक खूण, कोण भाजले आणि कशाने भाजले, हे शांतपणे सांगावे. दूरध्वनी पाण्याची धार चालू असतानाच व्हावा. एकाने बोलावे, दुसऱ्याने ओतावे. वाडी-वस्तीवर गाडी पोहोचण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ पाण्याने सत्कारणी लागतो. रुग्ण शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्यास काही खाऊपिऊ घालण्यापूर्वी १०८ वरील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पुढील उपचार रुग्णालयात होतात. शिरेतून द्रव दिले जातात, जखम धुतली जाते, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते. खोल जखमेवर रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी काढून लावावी लागते. अंगावर तेवढी निरोगी कातडीच उरली नसेल तर मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरती वापरतात. अशी त्वचा जतन करणारी पेढी शीवच्या त्याच रुग्णालयात २००० साली सुरू झाली. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या उपचारांत किती कातडी लावावी लागेल, हे बरेचसे पहिल्या वीस मिनिटांवर अवलंबून असते.

रुग्णालयाच्या दारात डॉक्टर तीन प्रश्न विचारतात. केव्हा भाजले? कशाने भाजले? नंतर काय केले? घाबरलेल्या आई-वडिलांना पुष्कळदा यांपैकी एकाचेही नीट उत्तर देता येत नाही. आगटीपाशी ज्याने तांबा धरला होता, त्या मुलाला मात्र ते सहज सांगता येते: दुपारी दोनच्या सुमारास, फुफाट्यात पाय पडला, वीस मिनिटे माठाचे पाणी ओतले, दुसरे काही लावले नाही. हे ऐकून डॉक्टर वर गुंडाळलेले धोतर उलगडतात, आणि आतली जखम त्यांना स्वच्छ दिसते.